आधी चौकट, मग चित्र: देशाचा नकाशा डिजिटल करायचा तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न नाशिकमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिने विचारलंय : "एखाद्या विकसनशील देशाला आपलं राष्ट्रीय नकाशाकाम डिजिटल करायचं आहे. पैसा बेताचा, जुने नकाशे कागदावर, शिकलेली माणसं कमी. त्याने आधी काय घ्यावं? ड्रोन, उपग्रहचित्रं की लायडार? आणि गूगलचा नकाशा हातात असताना हा खटाटोप करावाच का?"

माझी सगळी नोकरी मोजणीत गेली. आधी भूकरमापक म्हणून, पुढे खासगी सर्वेक्षणात, आणि बहुतेक काळ नाशिक जिल्ह्यातच. म्हणून उदाहरणं इथलीच देतो. देश कुठलाही असला तरी अडचणी याच येतात. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की ड्रोन, उपग्रहचित्रं आणि लायडार (म्हणजे वरून लेसरचे किरण सोडून जमिनीची उंची मोजणारं यंत्र) या तिन्हींपैकी काहीही आधी घेऊ नये. आधी मोजमापाची चौकट उभी करावी आणि तयार झालेला नकाशा पुढच्या वर्षापासून कोण राखणार हे कायद्याने ठरवावं. चित्र काढण्याचं काम आता सगळ्यात सोपं राहिलंय. तरी निविदा त्याच्याच निघतात, कारण ड्रोन उडताना दिसतो आणि चौकट कोणाला दिसत नाही.

चौकट म्हणजे काय ते आधी सांगतो. जमिनीवरच्या बिंदूला अक्षांश-रेखांश द्यायचे तर पृथ्वीचा एक गणिती आकार धरावा लागतो आणि तो कुठेतरी पक्का बसवावा लागतो. आपल्याकडे हे काम १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासला पहिली आधाररेषा मोजून सुरू केलं. तो १८२३ मध्ये गेला तो कामावर असतानाच, आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेलं आणि १८३० मध्ये जो आकार ठरला त्यावर आपले टोपोशीट, म्हणजे सरकारी सर्वेक्षणाचे तपशीलवार नकाशे, दीडशेहून जास्त वर्षं निघत राहिले. तो आकार भारतापुरता उत्तम बसवलेला होता. जीपीएस मात्र पृथ्वीच्या वस्तुमानाचा मध्य धरून चालतं, त्याला डब्ल्यूजीएस-८४ म्हणतात. या दोन पद्धतींत एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश वेगळे येतात. नाशिकच्या परिसरात हा फरक शंभर मीटरच्या घरात जातो. जुनं शीट स्कॅन करून, रूपांतर न करता जीपीएसच्या आकड्यांवर बसवलं, तर गोदाघाटावरची देवळं पात्रात जाऊन बसतील. संगणकाच्या पडद्यावर तो नकाशा अगदी नवा दिसेल, आणि त्यामुळेच तो जास्त घातक ठरेल.

नाशिककरांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. २० अंश उत्तर अक्षांश आपल्या शहरातून जातो. जुन्या टोपोशीटची विभागणी नेमकी याच रेषेवर असल्यामुळे पंचवटीचा भाग ४६ एच/१६ या शीटवर येतो आणि नाशिकरोड-देवळाली ४७ ई/१३ वर. पूर्ण शहर बघायचं तर दोन शीट शेजारी ठेवावी लागायची. दोन शीटची पाहणी वेगवेगळ्या साली झालेली असेल, तर वरून आलेला रस्ता खाली त्याच जागी पोचेलच याची खात्री नसायची. डिजिटल नकाशात ही शिवण मुळातच राहता कामा नये. सगळा देश एकाच अखंड माहितीसाठ्यात असावा आणि शीट ही फक्त छपाईची सोय असावी. बऱ्याच ठिकाणी मात्र जुनी शीटं एकेक करून गिरवतात, एकेक फाइल बनवतात आणि त्याला डिजिटायझेशन म्हणतात. त्यातून कागदावरच्या सगळ्या शिवणी संगणकात जशाच्या तशा येतात.

आज ही चौकट उभी करायला डोंगरमाथ्यावर दगड रोवत फिरावं लागत नाही. कॉर्स नावाची स्थिर केंद्रं असतात. केंद्राची जागा पक्की ठाऊक असते, ते चोवीस तास उपग्रहांचे संदेश घेतं, त्यातली चूक काढतं आणि ती दुरुस्ती इंटरनेटवरून शेतात उभ्या असलेल्या रोव्हरला, म्हणजे मोजणीदाराच्या हातातल्या फिरत्या यंत्राला, पाठवतं. भारतीय सर्वेक्षण विभागाने भूमी अभिलेख विभागाच्या जोडीने महाराष्ट्रात अशी ७७ केंद्रं उभी केली. ज्या मोजणीला आम्ही शंकू-साखळी, नंतर फलकयंत्र, नंतर टोटल स्टेशन घेऊन अख्खा दिवस घालवायचो, तिथे आता रोव्हर दोन-तीन सेंटिमीटरच्या अचूकतेने बिंदू देतो. गरीब देशाने पहिला पैसा इथे घालावा. ड्रोनचं चित्र पाच वर्षांत जुनं होतं. ही केंद्रं मात्र त्यानंतरच्या प्रत्येक चित्राला, प्रत्येक रस्त्याला आणि प्रत्येक बांधाला उपयोगी पडतात.

यातही स्थानिक अडचण असते. पेठ-सुरगाण्याच्या घाटात मोबाइलची रेंज जाते आणि दुरुस्ती रोव्हरपर्यंत पोचत नाही. अशा जागी रोव्हर एका बिंदूवर जास्त वेळ थांबवून नोंद घ्यायची आणि संध्याकाळी केंद्राचा डेटा घेऊन हिशेब करायचा. जास्त वेळ लागतो, पण काम चोख होतं. कराराच्या दरात हा जादा वेळ धरलेला नसेल, तर ठेकेदाराचा माणूस रेंज असलेल्या टेकडीवर उभा राहून अंदाजाने बिंदू टाकतो. म्हणून दरपत्रक लिहिणाऱ्याने एकदा घाटात जाऊन यावं, असं मी आग्रहाने सांगतो.

आणि प्रत्येक बिंदूसोबत तारीख ठेवावी. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. २०१५ च्या भूकंपात काठमांडू काही सेकंदांत दीड मीटरहून अधिक दक्षिणेला सरकलं. त्यामुळे कुठल्या दिवशीची जागा, हे लिहिलेलं नसलेला सेंटिमीटरचा आकडा अर्धाच असतो.

आता उंची. या विषयाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि नाशिकसारख्या नदीकाठच्या गावाला त्याचाच फटका बसतो. जीपीएस देतं ती उंची गणिती गोलापासून मोजलेली असते. पाणी त्या गोलाला ओळखत नाही, ते गुरुत्वाकर्षणाने वाहतं. समुद्रसपाटीचा जो खरा पृष्ठभाग, ज्याला जिऑइड म्हणतात, तो आणि गणिती गोल यांत नाशिकला पन्नास मीटरहून जास्त अंतर आहे. हे अंतर सगळीकडे सारखं असतं तर एकदा वजाबाकी करून मोकळं होता आलं असतं. पण इगतपुरीहून मालेगावकडे जाताना ते बदलत जातं. म्हणून देशाला स्वतःचं जिऑइड मॉडेल लागतं, आणि त्यासाठी जुन्या पद्धतीने केलेलं लेव्हलिंग (बिंदूमागून बिंदू उंचीतला फरक मोजत जाणं) व गुरुत्वमापन लागतं. हे काम संथ आहे, त्याची छायाचित्रं छापून येत नाहीत, म्हणून ते पुढे ढकललं जातं.

याचा अर्थ गोदावरीला पूर आला की कळतो. आपल्याकडे निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. त्या रेषेच्या आत बांधकाम होणार की नाही, हे तीच ठरवते. सराफ बाजार, भांडी बाजार हा भाग इतका सखल आणि दाट आहे की उंचीत अर्ध्या मीटरची चूक झाली तर रेषा काही गल्ल्या पुढे किंवा मागे जाते. एखाद्याचं घर, एखाद्याचं दुकान त्या अर्ध्या मीटरवर असतं.

इथे मला एक गोष्ट मनापासून सुचवायची आहे. नाशिककर पूर मीटरमध्ये सांगत नाहीत. पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत गेलं, असं सांगतात. त्याहून मोठ्या पुरात नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं नाव निघतं. १९६९, २००८, २०१६, २०१९ या सालांचे पूर लोकांच्या लक्षात असे खुणांनी राहिले आहेत. मूर्ती आपल्या जागी आहे, घंटा आपल्या जागी आहे. या खुणांची लेव्हल पक्क्या बेंचमार्कपासून (उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेपासून) नेऊन घेतली आणि घाटावरच्या वाड्यांत राहणाऱ्या जुन्या माणसांना विचारून प्रत्येक पुराची खूण टिपली, तर पूररेषेच्या गणिताला तपासायला खऱ्या पुरांचे आकडे मिळतात. जगातल्या प्रत्येक नदीकाठच्या गावात अशी खूण असते. राष्ट्रीय नकाशाच्या कोणत्याही योजनेत ती टिपण्याचा खर्च नगण्य आहे आणि तिचं मोल लायडारच्या उड्डाणाइतकं आहे.

साधन निवडण्याबद्दल थोडक्यात. १:५०,००० चा नकाशा ताजा करायला उपग्रहचित्रं पुरतात. युरोपच्या सेंटिनेल-२ ची १० मीटरची चित्रं फुकट मिळतात, आपल्या कार्टोसॅट-१ ने २००५ पासून अडीच मीटरची जोडचित्रं (एकाच जागेची दोन कोनांतून घेतलेली) दिली, ज्यांतून उंचीही काढता येते. गुंठ्यांचा हिशेब असेल तिथे ड्रोन हवा. ओझर आणि देवळालीच्या आसपास उड्डाणाला परवानगीचे निर्बंध आहेत, ते वेळापत्रकात आधीच धरावेत. इगतपुरी-त्र्यंबककडे जून ते सप्टेंबर ढगांमुळे साधी चित्रं हाती लागत नाहीत, तेव्हा ढगांतूनही पाहणारा रडारचा उपग्रह कामाचा.

द्राक्षपट्ट्याचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. निफाड-दिंडोरीत ड्रोनच्या छायाचित्रांवरून उंची काढली तर संगणकाला मांडवावरची पानंच जमीन वाटतात, आणि अख्खं शिवार पाच-सहा फूट वर उचललं जातं. लायडारचे किरण पानांच्या फटीतून खाली पोचतात, पण लायडार महाग. त्यावर शेतकऱ्याच्या वेळापत्रकात उपाय आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की काही दिवस मांडव उघडा असतो. तेव्हा उडवलेला साधा ड्रोन बरीचशी जमीन दाखवतो. पीक कधी उभं, कधी छाटलेलं, हे ज्या कार्यालयाला माहीत आहे, त्याचा निम्मा खर्च वाचू शकतो.

आता जमिनीच्या हद्दींचा नकाशा. विकसनशील देशातल्या माणसाला खरा नकाशा हाच. आपल्याकडचे जुने गावनकाशे एका इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, या मापाने काढलेले आहेत. त्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर सुमारे ४ मीटर रुंद होते. कागद आकसलेला, कापडाला चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. तो कितीही भारी स्कॅनरवर घातला तरी ४ मीटरची रेघ ४ मीटरचीच राहते. मग त्या गिरवलेल्या रेषा उपग्रहचित्रावर टाकतात, आणि शेतकरी मोबाइलवर बघतो की आपली विहीर शेजाऱ्याच्या गटात गेली. भांडण नव्हतं तिथे भांडण उभं राहतं.

यावर उपाय भूमी अभिलेखच्या कपाटातच आहे. गावनकाशा हा टिपणांवरून रेखाटलेला. टिपणात त्या वेळच्या मोजणीदाराने प्रत्यक्ष मोजलेली लांबी, साखळी आणि आण्यांत लिहिलेली असते. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि साखळीच्या वर्गाचा एक गुंठा. रेषा आकसते, आकडा आकसत नाही. म्हणून आधी टिपण, फाळणी (पोटहिश्श्यांच्या मोजणीची नोंद) आणि गट बुकातले आकडे संगणकात भरावेत, त्यांवरून प्रत्येक नंबराचा आकार पुन्हा उभा करावा, आणि मग शेतात जे हद्दीचे बुरूज, जे हद्दीचे दगड अजून सापडतात त्यांच्या रोव्हरने घेतलेल्या जागांवर तो बसवावा. जिथे टिपण आणि वहिवाट जुळत नाही तिथे तसं नकाशावर लिहावं. दोन्हींच्या मधून सोयीची रेघ ओढणं हा अन्याय आहे. कोणत्याही देशात जुन्या वसाहतीच्या काळातली मोजणीपुस्तकं असतील, तर ती शोधून, झटकून, आधी वाचावीत. निमतानदाराने, म्हणजे मोजणी तपासणाऱ्याने, लाल शाईने केलेली तपासणीची खूणसुद्धा त्यात उपयोगी पडते.

ड्रोनने हद्दी कळतात, हा समज फार पसरलाय. गावठाणाच्या मोजणीचं उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीत महाराष्ट्राने हा प्रयोग केला आणि पुढे २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोन उडण्याआधी गावात चुना टाकतात. प्रत्येक घराचा मालक, शेजारी, ग्रामसेवक, भूकरमापक उभे राहतात आणि भिंत कुणाची, बोळ कुणाचा हे ठरवून चुन्याची रेघ मारतात. ज्या दिवशी चुना पडतो तोच मोजणीचा दिवस. ड्रोन फक्त त्या संमतीचा फोटो काढतो. ज्या गावांत हा दिवस घाईने उरकला जातो तिथे पुढे हरकतींचा ढीग पडतो, आणि ज्या घरातली बाई त्या वेळी शेतावर असते तिची बाजू ऐकायची राहून जाते. म्हणून पैसा वाचवायचा तर उड्डाणात वाचवावा, चुन्याच्या दिवसात नको.

रवांडाने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. तिथे २००९ ते २०१३ या काळात हवाई छायाचित्रांच्या छापील प्रती गावात नेल्या, गावातल्याच तरुणांना शिकवलं, लोकांनी बांधावरून चालत हद्द दाखवली आणि ती चित्रावर आखली. एक कोटीहून जास्त जमिनींची नोंद झाली. सेंटिमीटरची अचूकता त्यांनी आधी मागितली नाही, आधी सगळ्यांची नोंद मागितली. बेताचा पैसा असलेल्या देशाला हा मार्ग योग्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिथेही पुढची अडचण आलीच. पहिली नोंद झाल्यावरच्या खरेदी-विक्री आणि वाटण्या कार्यालयात नोंदवायला लोक कचरू लागले, शुल्क परवडत नव्हतं हे त्याचं एक कारण.

अचूकता कुठे कमी चालते आणि कुठे नाही, हे मात्र माणसाकडे बघून ठरवावं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, कळवण इथले वनहक्काचे दावे घ्या. २००६ च्या कायद्याने कसत असलेली जमीन नावावर मिळते, आणि याच मागणीसाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईपर्यंत चालत गेले. समजा उतारावरचा एक पट्टा १०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे, म्हणजे साधारण २० गुंठे. हातातल्या साध्या जीपीएसने झाडांखाली ४ मीटर चुकवले, तर रुंदी २० च्या जागी १६ होते. कागदावर चार गुंठे गेले. मोठ्या बागायतदाराला ४ मीटर म्हणजे काही नाही, या कुटुंबाची ती पाचव्या हिश्श्याची जमीन आहे. ज्याच्याकडे कमी जमीन त्याच्याकडे चांगलं यंत्र आधी गेलं पाहिजे. प्रत्यक्षात उलट होतं, कारण चांगलं यंत्र महामार्गाच्या संयुक्त मोजणीला जातं.

याच भागात नावांचाही प्रश्न आहे. टोपोशीटवर गाव असतं, त्याचे पाडे बऱ्याचदा नसतात, किंवा ऐकणाऱ्याने जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. रुग्णवाहिका पाड्यावर जायची असते, गावात नाही. नावं गोळा करायचं काम आशाताई, कोतवाल आणि शाळेतल्या शिक्षकांकडून करून घ्यावं आणि ते देवनागरीत, बोलीतल्या उच्चारासह लिहावं.

पुढे, एकाच जमिनीचे अनेक नकाशे. वन विभागाची हद्द एक, महसूलची दुसरी, जलसंपदाच्या कालव्याची संपादित पट्टी तिसरी, महापालिकेचा विकास आराखडा चौथा. प्रत्येक कार्यालय आपल्यापुरतं बरोबर असतं. इंडोनेशियात मंत्रालयांचे जंगलनकाशे एकमेकांशी जुळेनात, तेव्हा २०१६ मध्ये अध्यक्षीय आदेशाने १:५०,००० च्या एकाच पायावर सगळ्यांनी आपापले थर बसवावेत असं ठरलं. तंत्रज्ञानाला त्यात फारसं काम नव्हतं. कोणाची रेषा कोणासाठी प्रमाण, हे ठरवायला अधिकार लागतो. तो देणारा आदेश नसेल तर उत्तमातलं उत्तम सॉफ्टवेअर सहा चुकीचे थर सुंदर रंगांत दाखवतं.

राखण्याबद्दल सुरुवातीला म्हणालो, ते स्पष्ट करतो. आपल्याकडे वाटणी झाली की फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर हिस्सा पडतो. नकाशावर मात्र रेघ पडेलच असं नाही, कारण त्यासाठी पोटहिस्सा मोजणीचा वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी तारीख लागते. तीन पिढ्यांत एका गटाचे बारा सातबारे होतात आणि नकाशात एकच चौकोन राहतो. नवीन यंत्रणा उभी करणाऱ्या देशाने पहिल्या दिवसापासून नियम करावा, की नकाशातली रेघ पडल्याशिवाय नोंद पूर्ण होणार नाही, आणि लहान खातेदाराला त्या मोजणीची फी लागणार नाही. एकूण खर्चातला मोठा वाटा या रोजच्या कामासाठी, म्हणजे तालुक्याच्या कचेरीतल्या माणसांच्या पगारासाठी आणि शिक्षणासाठी, राखून ठेवावा. सॉफ्टवेअरची चिंता त्यामानाने कमी आहे. क्यूजीआयएस फुकट आहे आणि बहुतेक कामाला पुरेसं आहे.

करार करताना तयार नकाशाबरोबर कच्चा डेटाही मागावा. मूळ छायाचित्रं, रोव्हरच्या नोंदी, नियंत्रण बिंदूंची वर्णनं, सगळं. एका तालुक्यात मी पाहिलंय की ठेकेदार बदलला आणि नव्या माणसाच्या हाती फक्त पीडीएफ उरल्या. पाया नव्याने मोजावा लागला.

राहिला गूगलचा प्रश्न. रस्ता शोधायला, दुकान शोधायला तो वापरावा, त्यात कमीपणा नाही. लोकांनीच मिळून बनवलेला ओपनस्ट्रीटमॅपही वापरावा, आपत्तीत तो फार कामी आलेला आहे. पण बांध कुठे आहे याची साक्ष गूगल न्यायालयात देत नाही, पुराची रेषा चुकली तर उत्तरदायी राहत नाही, आणि पाड्याचं नाव विचारायला कोणी सुरगाण्याला येत नाही. ही जबाबदारी ज्याने घ्यायची ते राज्य असतं. भारतानेही बराच काळ नकाशे कुलूपबंद ठेवले. २००५ च्या धोरणाने संरक्षणाचे आणि खुले असे दोन संच केले, आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी देशातल्या संस्थांना परवानग्यांच्या फेऱ्यांतून बऱ्याच अंशी सोडवलं. नवीन देशाने हा वळसा घेऊ नये. सार्वजनिक पैशाने केलेली चौकट आणि उंची पहिल्यापासून सर्वांना खुली ठेवावी.

तुम्ही प्रबंधात पथदर्शी भाग सुचवणार असाल तर एक सपाट, सोपा तालुका निवडू नका. तिथे सगळं यशस्वी होतं आणि काही शिकायला मिळत नाही. रेंज नसलेला पेठ, मांडवांनी झाकलेला निफाड आणि पुरात बुडणारं जुनं नाशिक, असे तीन तुकडे घ्या. प्रत्येकात एक पूर्ण वर्ष काम चालू द्या, म्हणजे पावसाळा, छाटणी आणि किमान काही वाटण्यांचे फेरफार त्यात येतील. वर्षाअखेर किती हेक्टर उडवले हा आकडा मागू नका. त्या वर्षात झालेल्या फेरफारांपैकी किती नकाशावर उतरले आणि किती दिवसांत, तो आकडा मागा.